बाबा एफडी करायला गेले आणि दहा वर्षांची पॉलिसी घेऊन आले

थोडं लांब होईल, पण घरात कोणी वयस्कर असेल आणि त्यांच्या खात्यात सीझनचे पैसे जमा होत असतील तर प्लीज पूर्ण वाचा.

आमची देवगडला हापूसची कलमं आहेत. गेल्या वर्षी मार्चमध्ये वाशीच्या दलालाकडून पहिल्या पेट्यांची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशोब आला, पैसे खात्यात पडले आणि दोनच दिवसांत बँकेतून बाबांना फोन, काका जरा येऊन जा. बाबांना एक लाखाची एफडी करायचीच होती, पावसानंतर फवारणी आणि गड्यांची मजुरी असते त्याला हाताशी असावेत म्हणून. साहेबांनी चहा मागवला आणि सांगितलं की एफडीपेक्षा चांगली स्कीम आहे पण ३१ मार्चपर्यंतच, नंतर बंद. बाबांनी दोनदा विचारलं, मधे काढता येतील ना? "हो हो काका, तुमचेच पैसे आहेत." टॅबवर सही, बाबांनी ओटीपी वाचून दाखवला, पंधरा मिनिटांत काम झालं. निघताना म्हणाले, एक फोन येईल, नुसती फॉर्मॅलिटी आहे, सगळ्याला हो म्हणा.

फोन आला तेव्हा बाबा बागेत, वर गडी घळाने आंबे काढतोय, रेंज धड नाही. हो, हो, हो.

मग कुरियरने जाड पाकीट आलं, ते न उघडताच कपाटात सातबाऱ्याच्या फाईलखाली गेलं. मी नंतर विचारलं तर म्हणाले, "सायबानी सांगितल्यानी, बाँड येतलो, जपान ठेवा म्हणान."

यंदा मार्चमध्ये मेसेज आला, एक लाख प्रीमियम ड्यू. मी मुंबईहून आलो, पाकीट फोडलं तर आयुर्विमा, दरवर्षी एक लाख, दहा वर्षं. बाबांचं वय ६४.

मला राग याचा येतो की त्याच वर्षी बाबा कणकवलीला फवारणीचा एचटीपी पंप घ्यायला गेले होते. दुकानदाराने आधी विचारलं कलमं किती, उंच किती, पाणी कुठून खेचणार, मग म्हणाला जुना पंप आणून दाखवा. उघडून बघितला, पॅकिंग गेलेलं, ते बदलून दिलं आणि सांगितलं अजून दोन सीझन आरामात चालेल. नवा पंप खपवायची संधी त्याने सोडली, आणि आता आमच्या वाडीतले सगळे त्याच्याकडेच जातात. बँकेतल्या साहेबांनी फक्त एवढं विचारलं असतं की काका पैसे कधी लागणार, तर ही पॉलिसी बाबांच्या कामाची नाही हे तिथेच कळलं असतं. त्यांना ते कळून घ्यायचंच नव्हतं, मार्चचं टार्गेट होतं.

विमा कंपनीकडे तक्रार केली तर उत्तर आलं, त्या फोनचं रेकॉर्डिंग आहे, तुम्ही हो म्हणालात. आता विमा लोकपालांकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकतात त्यांच्याकडे, अर्ज केलाय, त्याला फी नाही, पण आधी कंपनीकडे लेखी तक्रार केलेली लागते, आणि कंपनीने फेटाळली किंवा महिनाभर उत्तरच दिलं नाही तर वर्षाच्या आत तिकडे जाता येतं. निकाल अजून नाही, बाबांचा लाख अडकलेलाच आहे.

जे आम्हाला माहीत नव्हतं ते हे, की पॉलिसीचे कागद हातात पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते, फ्री लूक म्हणतात. तेवढ्या दिवसांच्या विम्याचे, स्टॅम्प ड्युटीचे आणि मेडिकल झाली असेल तर तिचे पैसे कापून बाकी सगळे परत मिळतात. म्हणून पाकीट आलं की त्याच दिवशी फोडा, कुरियरचं कव्हर तारखेसाठी जपून ठेवा, आणि एफडी असेल तर एफडीचीच पावती मागा. त्यावर प्रीमियम शब्द दिसला की समजा ती एफडी नाही.

हे वाडीत सांगितल्यावर शेजारच्या काकू तसंच एक बंद पाकीट घेऊन आल्या, त्यांनाही एफडीच सांगितली होती. कव्हरवरच्या तारखेवरून मोजलं तर तेविसावा दिवस. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने त्यांच्यासोबत गेलो, रद्द करायचा अर्ज दिला आणि दुसऱ्या कॉपीवर तारखेसकट शिक्का घेतल्याशिवाय काउंटरवरून हललो नाही. काकूंचे पैसे परत आले.