बाण किती लांब घ्यावा: अंगाबरोबर, थोडा वाढीव की अख्खा ३२ इंची?

देवगडच्या माझ्या भाच्याने यंदा ४० पाउंडांचं, म्हणजे पूर्ण ओढायला तेवढा जोर लागणारं, लाकडी रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं) धनुष्य घेतलं. बाण मागवायची वेळ आली आणि त्याचा फोन आला, "मामा, दुकानदार विचारतोय लांबी किती कापून देऊ. काय सांगू?" मी म्हटलं, आज काहीच सांगू नकोस, आधी तुझी ओढ, म्हणजे दोरी तू किती मागे नेतोस ते अंतर, मोजू. पारंपरिक धनुष्य घेणारा जवळजवळ प्रत्येक जण या प्रश्नाशी थांबतो, म्हणून त्याला जे सांगितलं ते इथे लिहितो.

बाणाची लांबी नॉकच्या (दोरी अडकवायच्या मागच्या तुकड्याच्या) खाचेपासून शाफ्टच्या, म्हणजे दांड्याच्या, शेवटापर्यंत मोजतात, पुढचं टोक त्यात धरत नाहीत. ओढीचा पहिला अंदाज सोपा आहे. भिंतीला पाठ लावून दोन्ही हात पसरायचे, मधल्या बोटांच्या टोकांमधलं अंतर इंचांत घ्यायचं आणि अडीचने भागायचं. भाच्याचं अंतर साडेसदुसष्ट इंच भरलं, म्हणजे ओढ २७ इंच. पण हा अंदाजच. खरं माप धनुष्य हातात घेऊनच मिळतं. एका लांब शाफ्टवर इंचांच्या खुणा करायच्या, आधी दहा-बारा बाण मारून अंग मोकळं करायचं, मग तोच शाफ्ट लावून निशाण्याकडे तोंड करून नेहमीच्या अँकरपर्यंत, म्हणजे चेहऱ्यावर हात जिथे टेकतो तिथपर्यंत, ओढायचं. बाजूला उभ्या माणसाने धनुष्याच्या पुढच्या कडेशी कोणती खूण येते ते बघायचं. त्याने बाजूलाच राहायचं, बाणाच्या पुढे कधीही जायचं नाही. मोजतोय म्हटलं की माणूस उगाच ताणून ओढतो, म्हणून हे चार-पाच वेळा करावं.

भाच्याचे २७ इंच पक्के झाले. आता त्याच्यापुढे तीन वाटा होत्या: २८ इंची, २९-३० इंची आणि न कापलेला ३२ इंची.

२८ इंची, म्हणजे ओढीपेक्षा एक इंच जास्त. हलका, वेगवान, भात्यात नीट बसणारा. ज्याची ओढ वर्षभर एकाच जागी स्थिर आहे त्याला यात तोटा नाही. नव्या माणसाला मात्र मी हा देत नाही, आणि त्याचं कारण माझ्याच अंगावर आलेलं आहे. मी शिकत होतो तेव्हा सहा बाण अगदी मापात कापून घेतले. दोन महिन्यांत पाठीचे स्नायू कामाला लागले, खांदा खाली बसला आणि ओढ पाऊण इंचाने वाढली. मला ते कळलंच नाही. एका संध्याकाळी पूर्ण ओढीवर नजर खाली गेली तर बाणाचं टोक शेल्फच्या, म्हणजे धनुष्यावर बाण टेकतो त्या खाचेच्या, कडेवर टेकलेलं. अर्धा इंच आणखी ओढला असता तर टोक आत घसरलं असतं, आणि त्या अवस्थेत सुटलेला बाण धनुष्यावर आपटून फुटतो किंवा सरळ धनुष्य धरलेल्या हातात घुसतो. हळूच दोरी पुढे सोडली आणि ते सहाही बाण बाजूला ठेवले. आखूड बाण धोक्याचा असतो, लांब बाण फार तर नेम चुकवतो. निवडताना हा फरक सगळ्यात आधी बघावा.

अख्खा ३२ इंची बाण सुरक्षित, आणि निशाणा धरायलाही त्याचा एक फायदा आहे. जे टोकाकडे बघून अंतर धरतात त्यांना लक्ष्याच्या बऱ्याच खाली टोक धरावं लागतं. बाण लांब असला की हे अंतर कमी होतं. डोळा बाणाच्या चार इंच वर आहे असं धरलं, तर १५ मीटरवर २८ आणि ३२ इंचांत साधारण वीतभर फरक पडतो. अंगठ्याने दोरी ओढून कानापर्यंत नेणाऱ्या घोडेस्वारी धनुष्याला तर ३२ इंच गरजेचेच आहेत. पण तीन बोटांनी गालापर्यंत ओढणाऱ्याला पाच इंच पुढे आलेला बाण जड जातो. इंचाला ८ ग्रेनचा शाफ्ट असेल तर चार इंचांचे ३२ ग्रेन, म्हणजे दोन ग्रॅमच्या आसपास. आकडा लहान वाटतो, पण बाण लवकर खाली येतो. शिवाय आपल्याकडे दुपारी खारं वारं सुटलं की लांब दांडा आडव्या वाऱ्याला जास्त सापडतो. किनाऱ्यालगत सराव असेल तर सकाळी, वारा पडलेला असताना करा, मग बाण कुठलाही असो.

खरी गोष्ट पुढेच आहे. लांबी बदलली की बाणाचा ताठरपणा, म्हणजे स्पाइन, बदलतो. बोटांनी सोडलेला बाण धनुष्याला वळसा घालून वाकत-सरळ होत जातो. तो किती वाकावा हे धनुष्याच्या जोराशी जुळलं पाहिजे. शाफ्टवर ५००, ६०० असे आकडे असतात; २८ इंचांच्या अंतराने टेकवलेल्या शाफ्टच्या मध्यावर ठरावीक वजन टांगलं की तो इंचाच्या किती हजारांश भाग खाली वाकतो, तो हा आकडा. आकडा मोठा तितका शाफ्ट मऊ. तोच शाफ्ट लांब ठेवला की आणखी मऊ वागतो, कापला की ताठ होतो. लाकडी शाफ्टचा ताठरपणा तो किती पाउंडांच्या धनुष्याला जुळतो त्यावरून सांगतात. लाकडी बाणवाल्यांचा ढोबळ हिशेब असा, की २८ इंचांपुढे दर इंचाला पाच पाउंड जास्त ताठ शाफ्ट घ्यायचा. म्हणून "लांबी नंतर बघू, आधी स्पाइन सांगा" हे विचारणंच चुकीचं. दोन्ही एकत्र ठरतात. आणि धनुष्यावरचे ४० पाउंड २८ इंचांच्या ओढीचे असतात. २७ वर ते दोन-अडीच पाउंडांनी उतरतात, तेही धरायचं.

माझं मत मधल्या वाटेचं आहे: ओढीपेक्षा दोन-तीन इंच जास्त. कापता येतं, जोडता येत नाही. दहा-बारा मीटरवर पिसांचे तीन बाण आणि बिनपिसांचे दोन मारा. उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्याचे बिनपिसांचे बाण पिसांच्या बाणांच्या उजवीकडे जात असतील तर शाफ्ट मऊ आहे, पाव इंच कापा आणि पुन्हा मारा. डावीकडे गेले तर तो ताठ आहे, मग जड टोक लावा. २८ इंची घेतलेल्याला कापायला जागाच उरत नाही. ३२ इंची घेतलेला कापत कापत खाली येऊ शकतो, पण त्याला बरंच जास्त कापावं लागतं.

बांबूचे किंवा लाकडाचे बाण घेणार असाल तर एक कोकणी अडचण ध्यानात घ्या. पावसाळ्यात लाकूड दमट होतं. लांबी बदलत नाही, पण ताठरपणा उतरतो. श्रावणात बाण मऊ वाटला म्हणून कापलात, तर माघात तोच बाण जास्त ताठ झालेला असतो, आणि कापलेलं परत येत नाही. शेवटचं माप दसऱ्यानंतर, हवा कोरडी झाल्यावर घ्या. बांबूत खाच थेट दांड्यात कोरायची असेल तर ती गाठीच्या अगदी लगत येईल अशी ठेवा, म्हणजे दोरीच्या धक्क्याने दांडा चिरत गेला तरी गाठीशी थांबतो. त्यामुळे बांबूच्या बाणाला अर्धा-पाऊण इंच इकडेतिकडे सोडावाच लागतो.

कार्बनचा शाफ्ट करवतीने कापू नका, तंतू फाटतात. कापायच्या जागी चिकटपट्टी गुंडाळून बारीक घासणाऱ्या चक्राने कापा, आणि तोंडाला मास्क लावा, ती धूळ छातीत जायला नको.

भाच्याने शेवटी ६०० चे सहा शाफ्ट ३० इंचांवर मागवले. परवा अंगणाच्या टोकाला गवताचा भारा बांधून मारले तेव्हा बिनपिसांचे दोन्ही बाण तळहातभर उजवीकडे बसले. पाव इंच कापलं तर थोडे आत आले, आणखी पाव इंचाने पिसांच्या बाणांना टेकले. साडेएकोणतीस. दोनच बाण कापलेत, बाकीचे चार तसेच ३० इंची ठेवलेत. ओढ अजून उघडतेय त्याची, दिवाळीनंतर पुन्हा खुणांचा शाफ्ट लावून बघू.