आठ महिने सँडबॅग: पट्टे उसवले तेच बरं झालं

व्यायामासाठी उचलायची वाळूची पिशवी, म्हणजे सँडबॅग, गेल्या जुलैत ऑनलाइन मागवली. पिशवी रिकामी येते, वाळू आपली आपण भरायची. ४० किलोपर्यंत चालते म्हणे. मी ३० वर थांबलो. माझंच वजन ६१, आणि तीन जिने चढवून अगाशीवर न्यायची होती.

पहिला गाढवपणा माझाच. शेजारच्या बांधकामावरची ओली वाळू तशीच कोंबली. वडोदऱ्याचा पावसाळा, आठवड्यात कुबट वास. आईने सांगून टाकलं, घरात एक तर ही राहील नाहीतर तू. मग सगळी ओतली, चाळली, उन्हात वाळवली. पुन्हा भरून काट्यावर ठेवली तर २६! चार किलो पाणीच उचलत होतो.

तिसऱ्या महिन्यात दोन पट्ट्यांची शिवण उसवली. विक्रेत्याला फोटो पाठवले, तर उत्तर आलं की झटक्याने ओढणं वॉरंटीत बसत नाही. मग पट्टे काय शोभेला लावलेत? मांडवीजवळच्या बॅगा शिवणाऱ्या काकांनी पंधरा दिवस लावले, तोवर नुसती कवेत घेऊन उचलत होतो. आणि खरी मेहनत तिथे सुरू झाली. पट्टा धरला की ती बेढब डंबेल होते. पट्टा सोडला की वाळू एका अंगाला घसरते, पोटाशी घ्यावी तर खालून निसटते. पंजे एकमेकांत अडकवून, छातीशी दाबून, कंबर आत घेतल्याशिवाय उभंच राहता येत नाही. लढतीत डबल लेग मारून, म्हणजे समोरच्याचे दोन्ही पाय धरून, माणूस उचलताना नेमकं हेच लागतं. तो काही पट्टे लावून येत नाही.

आठवड्यातून दोनदा करतो: जमिनीवरून खांद्यावर, एकदा उजव्या, एकदा डाव्या. पाच मिनिटं काम, एक मिनिट दम, असे तीन राऊंड. क्लिंचमध्ये, म्हणजे उभ्याने एकमेकांना धरून झुंजताना, फरक पडलाय, आता पकड लवकर सुटत नाही. स्पारिंगच्या (सरावाच्या लढतीच्या) आदल्या दिवशी मात्र नको, मनगटापासून कोपरापर्यंत हात असे भरतात की मूठ वळत नाही.

निव्वळ ताकदीसाठी ही पुरत नाही. बारला सव्वा-सव्वा किलोच्या प्लेट लावून वजन चढवता येतं; इथे चेन उघडा, वाळू ओता, काटा शोधा. कंटाळ्याने मी अजून २६ वरच आहे. म्हणूनच डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरून बार उचलणं, सोडलेली नाही.

सयाजीबागेतल्या संग्रहालयात गामा पहिलवानाचा दगड आहे. १९०२ मध्ये त्याने तो उचलला, वजन १२०० किलो, असं सांगतात. आकड्यावर वाद घाला हवा तर, पण त्या दगडालाही पट्टे नाहीत.

घ्यायचीच तर बिनपट्ट्यांची, जाड कापडाची आणि आत दोन पिशव्या असलेली घ्या. माझ्या बॅगची चेन अजून थोडी गळते. उत्तरायणला पोरं दिवसभर तिच्यावर बसून पतंग उडवत होती. संध्याकाळी तिळाच्या चिक्कीत वाळू कचकचली.