आधी एक तारा दिलता, आता तीन देतोय

सप्टेंबरात या स्टॉक-बिलिंगच्या सॉफ्टवेअरवाल्यांना मी एक तारा दिलता आणि तोंडाला येईल ते लिहिलंवतं. ते काढून आता नव्यानं लिहायलोय. कंपनीचं नाव टाकत नाही, काम अजून चालू आहे आणि जे झालं त्यात निम्मा दोष आमचाच. सर्जिकल आणि औषधांचं होलसेल करणारे आपल्या भागात बरेच आहेत, बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, त्यातला कोणी जुनं सोडून नवीन घ्यायच्या विचारात असेल तर वाचा.

आमचं गोडाऊन म्हणजे हातमोजे, सिरिंज, सलाईन, टाके घालायचा दोरा, इन्सुलिन, हाडांच्या प्लेटी-स्क्रू असं सगळं. जुनं सॉफ्टवेअर बारा वर्षं चाललं, रडत रडत पण चाललं. नवीन वाले आले, लॅपटॉपवर रंगीत आलेख दाखवले, बघून आम्ही खुळे झालो. लाइव्ह कधी करायचं तर २० ऑगस्ट २०२५! गणपती २७ ला. बेळगावात गणपतीच्या आठवड्यात गोडाऊनची पोरं मंडपात असतात हे त्यांना माहीत नव्हतं म्हणावं तर आम्हाला तर माहीत होतं की, तरी हो म्हटलो.

पहिला दणका हातमोज्यांचा. एका बॉक्सात १०० नग, म्हणजे ५० जोड्या. जुन्यात आम्ही जोडीवर हिशोब ठेवायचो, नव्यात बॉक्सवर, आणि डेटा ओतताना कुणी भागायचं बघितलं नाही. गोडाऊनला २४ बॉक्स, स्क्रीनवर १२००. काउंटरवरचा पोरगा बिनधास्त ऑर्डर घ्यायलाय, आणि खानापूरच्या नर्सिंग होमवाल्या डॉक्टरांचा फोन, "अहो माल कुठाय?"

दुसरा दणका बॅचचा, तो जास्त वाईट. ओपनिंग स्टॉक भरताना बॅच नंबरच टाकले नाहीत, सगळ्या मालाला एकच बॅच आणि एक्सपायरी ३१ डिसेंबर २०९९. आता आमच्या धंद्यात ज्याची मुदत आधी संपते तो आधी बाहेर काढायचा, हे शाळेतल्या पाढ्यासारखं पाठ असतंय, पण सॉफ्टवेअरला सगळंच २०९९ पर्यंत ताजं! जवळच्या तारखेचा माल मागं पडून राहिला आणि नवीन पुढं गेला. कंपन्या असला माल ठरलेल्या मुदतीतच परत घेतात, नंतर हात वर. त्यात काही बॉक्स आमच्या अंगावर आले, किती ते लिहीत नाही, घरात वाचतील.

तिसरं खास आपल्या सीमेवरचं. आमचं अर्धं गिऱ्हाईक चंदगड, गडहिंग्लज, आजऱ्याकडचं, थोडं चोर्ला घाटातून गोव्याला. जीएसटी नंबरचे पहिले दोन आकडे राज्याचे, २९ कर्नाटक, २७ महाराष्ट्र, ३० गोवा. यांनी पार्टी मास्टर, म्हणजे गिऱ्हाइकांची यादी, भरताना सगळ्यांना आपोआप कर्नाटक लावून टाकलं. चंदगडच्या मेडिकलवाल्याला परराज्यातल्या विक्रीच्या आयजीएसटीच्या जागी राज्यातल्या विक्रीचा सीजीएसटी-एसजीएसटी लागून बिल गेलं. आमची उलाढाल पाच कोटींच्या आत, ई-इनव्हॉइस, म्हणजे बिल सरकारी पोर्टलवर चढवणं, लागत नाही, त्यामुळे अडवायला कोणी नव्हतं. ११ सप्टेंबरला जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं रिटर्न, भरायच्या आदल्या रात्री सीएंचा फोन, "शेट, चंदगड कर्नाटकात कधी आलं ओ?" मी म्हटलं बाकी कुणी विचारलं असतं तर भांडण झालं असतं. सीएंच्या म्हणण्यानं बरोबर कर आधी भरायचा, चुकीचा परत मागायचा, त्यावर व्याज नाही. पण तोवर पैसे अडकतात त्याचं काय? हॉस्पिटलं बिलातल्या कराचं क्रेडिट घेत नाहीत म्हणून गप्प बसली, मेडिकल दुकानवाल्यांनी पैसेच थांबवले.

त्यात २२ सप्टेंबर. घटस्थापनेलाच जीएसटीचे नवीन दर, बहुतेक औषधं, सलाईन, गॉज-बँडेज १२ वरून ५ टक्क्यांवर, थर्मामीटर १८ वरून ५. यांच्या सॉफ्टवेअरात दर प्रत्येक आयटमला वेगळा बसवलेला, हजारो आयटम, एकेक उघडून बदला. सपोर्टला फोन केला की पलीकडून "आत्री सर, नाळे माडतेव्री", म्हणजे झालं सर, उद्या करतो. ती नाळे काय उगवली नाही.

पुण्यात आयटीत असलेला पुतण्या म्हणाला, काका एकटे नाहीसा, अमेरिकेत फॉक्समेयर नावाची औषधांची मोठी होलसेल कंपनी होती, १९९३ ला असलंच मोठं सॉफ्टवेअर बसवायला घेतलं आणि १९९६ ला दिवाळं. जुन्यावर रात्रीत चार लाख वीस हजार ऑर्डरी निघायच्या, नव्यावर दहा हजार. दिलासा द्यायला सांगितलं का घाबरवायला, कळलं नाही.

ऑक्टोबरात मी पैसे थांबवले तेव्हा कुठं कंपनीनं एक मॅडम पाठवल्या. निपाणीकडच्या, आधी औषधाच्या काउंटरवर काम केलेल्या. आल्या त्या कॉम्प्युटरपुढं बसल्याच नाहीत, सरळ गोडाऊनमध्ये गेल्या आणि तिथला माल बघणाऱ्या आमच्या मामांना म्हणाल्या, "मामा, तुमची वही दाखवा बघू." मामांकडं कन्नडमधली एक वही होती, आम्हाला पत्ताच नाही. स्क्रीनवर विश्वास नाही म्हणून ते ऑगस्टपासून रोजचा माल वहीत लिहायचे, बॅच आणि तारखेसकट. मॅडमनी ती तिथंच उभ्या उभ्या वाचली आणि मला म्हणाल्या, "सर, सॉफ्टवेअर लाइव्ह झालंच नाही तुमच्याकडं. गोडाऊन अजून वहीवर चालतंय, स्क्रीन नुसती बिलं छापतीय." तुमच्या गोडाऊनला कुणी लपून वही लिहितोय काय, एवढं बघा आधी, रिपोर्ट नंतर.

मग त्यांनी काय केलं, तर अर्धं सॉफ्टवेअर बंद केलं. आलेख, सेल्समनचं ॲप, ऑटो ऑर्डर, सगळं बंद. शनिवार-रविवार दोन रात्री शटर ओढून बॅचवार मोजणी, मामा बोलणार, पोरगा लिहिणार, मॅडम टाकणार, मधे चहा आणि कुंदा. खोटा ओपनिंग स्टॉक पुसून खरा चढवला. एकक ठरवून घेतलं, खरेदी बॉक्सवर, विक्री जोडीवर, मधे ५० चा भागाकार सॉफ्टवेअरच करणार. पार्टीचं राज्य जीएसटी नंबरवरून, आणि नंबर नसलेल्या डॉक्टरांचं हातानं, रिकामं ठेवलं तर बिलच निघत नाही. दर आयटमवर न ठेवता एचएसएनवर, म्हणजे मालाच्या प्रकाराच्या जीएसटी कोडवर, तारखेसकट, कारण २२ सप्टेंबरच्या आधीचं बिल परत आलं तर क्रेडिट नोट जुन्याच दरानं काढावी लागते. हे मला पण तेव्हा सुचलं नव्हतं.

मला सगळ्यात आवडलं ते हाडांच्या सामानाचं. ऑपरेशनच्या आधी अख्खा सेट हॉस्पिटलला जातो, वापरतात एक प्लेट आणि सहा स्क्रू, बाकी परत. आधी आम्ही सगळ्याचं बिल करायचो आणि मग रिटर्न, रिटर्न, रिटर्न. मॅडमनी प्रत्येक हॉस्पिटल आमचंच एक छोटं गोडाऊन म्हणून दाखवलं, माल चलनावर तिकडं जातो आणि वापरला तेवढ्याचंच बिल. इन्सुलिन २ ते ८ डिग्रीत राहायला पाहिजे, आधी ते माल काढायच्या यादीत सलाईनच्या वर छापायचं आणि पोरगं पहिलंच फ्रीज उघडायचं, आता यादीत शेवटी येतं.

दिवाळीपर्यंत जुनं-नवं दोन्ही चालवलं, रोज संध्याकाळी दहा आयटम मोजायचे आणि ताळा बघायचा. पहिल्या दिवशी दहात चार जुळले, आता नऊ-दहा जुळतात.

तर तारे तीन, एक सॉफ्टवेअरला आणि दोन त्या मॅडमना. बाकीचे दोन का कापले, तर त्या दोन रात्रींचं वेगळं बिल लावलंय, चूक त्यांची आणि पैसे आमचे, ते मी अजून दिलेले नाहीत. आणि विकताना कन्नड स्क्रीन देतो म्हणालते ती आलेली नाही. मामांची वही चालूच आहे, ते म्हणतात कन्नडमध्ये दिसू दे, मग बघू. ती स्क्रीन आली की चौथा तारा टाकतो.