लग्नाची तारीख विचारली, ग्रीन कार्डाची नाही: कोल्हापुरात गेलेले २ लाख ६ हजार

अमेरिकन नागरिकाशी लग्न झालं की तीन वर्षांनी नागरिकत्वाचा अर्ज करता येतो, हे वाक्य आजकाल ज्याच्या त्याच्या तोंडी असतं. पण ते अर्धंच वाक्य आहे. उरलेलं अर्धं आम्हाला माहीत नव्हतं, एजंटला माहीत होतं, आणि तेवढ्यावर आमचे २,०६,००० रुपये गेले. पैशांपेक्षा मोठं नुकसान होता होता वाचलं, म्हणून हे लिहितोय. घरच्यांनी लिहू नका म्हणून सांगितलं होतं. लाज वाटतेच. पण राजारामपुरीतल्या त्या ऑफिसच्या बाकावर आमच्यासारखे आणखी चारजण बसलेले मी स्वतः पाहिले आहेत.

तारखा नीट वाचा, सगळी फसवणूक तारखांतच आहे. भाचीचं लग्न १२ डिसेंबर २०२१ ला झालं. जावई जन्मानं अमेरिकन नागरिक. भाची इमिग्रंट व्हिसा घेऊन तिकडे उतरली २० मे २०२३ ला, आणि कायम रहिवासी झाली ती त्या दिवसापासून. तीन वर्षं मोजायची ती इथून. लग्नाला तीन वर्षं झाली म्हणून काहीही होत नाही. ग्रीन कार्ड, म्हणजे कायम रहिवासाचं कार्ड, मिळून तीन वर्षं झाली पाहिजेत, त्या तीन वर्षांत नवराबायको एकत्र राहत असले पाहिजेत, आणि जोडीदार ती पूर्ण तीन वर्षं नागरिक असला पाहिजे. ज्यांचे जावई स्वतःच परवा नागरिक झालेत त्यांनी शेवटची अट दोनदा वाचा. तीन वर्षं भरायच्या आधी ९० दिवसांपर्यंत एन-४००, म्हणजे नागरिकत्वाचा अर्ज, टाकता येतो. म्हणजे भाचीसाठी सगळ्यात लवकरची तारीख १९ फेब्रुवारी २०२६. त्याआधी टाकला तर नामंजूर, आणि फी परत मिळत नाही.

एजंटनं पैसे घेतले जानेवारी २०२५ मध्ये. तेरा महिने आधी.

७ जानेवारीला भाचीला घेऊन त्याच्याकडे गेलो. ती तेव्हा सुट्टीला कोल्हापुरात होती. त्यानं पहिलाच प्रश्न विचारला, "लग्न कधीचं?" तारीख सांगितल्यावर बोटांवर मोजून म्हणाला, "झाली की तीन वर्षं! टाकूया अर्ज, कशाला थांबताय साहेब?" महापालिकेचा विवाह नोंदणीचा दाखला मागितला, त्याच्या दोन झेरॉक्स काढल्या, पासपोर्टची झेरॉक्स काढली. ग्रीन कार्ड मागितलं नाही.

ही गोष्ट मला रात्री झोपू देत नाही. भाचीनं पर्समधून कार्ड काढून टेबलावर ठेवलं होतं. त्यावर 'रेसिडेंट सिन्स ०५/२०/२३' असं स्वच्छ छापलंय, महिना आधी आणि दिवस नंतर, आणि खाली मुदत संपायची तारीख ०५/२०/२५. त्यानं ते उलटंसुद्धा करून पाहिलं नाही. नागरिकत्वाच्या अर्जात रहिवासी झाल्याची तारीख भरावीच लागते. जो माणूस कार्ड न बघता अर्ज भरतो म्हणतो, तो अर्ज भरणारच नाही, हे तिथंच कळायला हवं होतं. टेबलावर कार्ड, समोर आम्ही तिघं शिकलेली माणसं, आणि एकानंही विचारलं नाही की हे बघायचं नाही का?

आम्ही अगदीच डोळे झाकून गेलो नव्हतो. याच माणसानं २०२३ मध्ये बहिणीचा आणि मेहुण्यांचा टूरिस्ट व्हिसाचा फॉर्म भरला होता, मुंबईची तारीख घेतली होती, दोघांना व्हिसा मिळाला होता. तेव्हा त्यानं घेतलेले पैसे वाजवी होते. जावई जन्मापासून नागरिक, त्यामुळे त्यानं हे फॉर्म आयुष्यात पाहिलेले नव्हते. आणि 'तीन वर्षं' हा आकडा खरा आहे, कुणालाही विचारलं तर तो हाच आकडा सांगतो. खोटा आकडा सांगितला असता तर आम्ही पकडला असता.

पैसे असे गेले. ८ जानेवारीला 'सरकारी फी ७६० डॉलर' म्हणून ६५,५०० रुपये. त्याच दिवशी 'फास्ट ट्रॅक'चे ८५,०००. यूपीआयची दिवसाची मर्यादा एक लाख, म्हणून हे रोख द्या म्हणाला, पावती नंतर देतो म्हणाला. २२ जानेवारीला 'बायोमेट्रिक'चे १२,००० आणि नागरिकत्वाच्या परीक्षेच्या प्रश्नसंचाचे ३,५००. १७ मार्चला इंटरव्ह्यूच्या 'स्लॉट'चे ४०,०००.

आता एकेक बघा. ७६० डॉलर ही कागदी अर्जाची फी खरी आहे. ऑनलाइन भरला तर ७१०, आणि ती अर्जदार स्वतःच्या खात्यातून कार्डानं थेट भरतो. बायोमेट्रिकची वेगळी फी एप्रिल २०२४ पासून नाही, ती त्याच फीत येते. एन-४०० ला फास्ट ट्रॅक नावाचा प्रकारच नाही, जास्त पैसे भरून हा अर्ज पुढे सरकत नाही. इंटरव्ह्यूची तारीख तिकडचं इमिग्रेशन खातं देतं, ती विकत मिळत नाही. प्रश्नसंच त्यांच्याच वेबसाइटवर फुकट आहे, आणि आम्हाला विकलेला तर आता कामाचाही नाही: २० ऑक्टोबर २०२५ पासून टाकलेल्या अर्जांना १२८ प्रश्नांची नवी यादी आहे, त्यातले २० पर्यंत विचारतात, १२ बरोबर यावे लागतात. आधी १०० ची यादी होती, १० पैकी ६ बरोबर लागायचे.

आणि यूपीआयवर पैसे गेले ते एका बाईच्या बचत खात्यात. ऑफिसच्या पाटीवरचं नाव वेगळं, खात्यावरचं वेगळं. अमेरिकन सरकारची फी कोल्हापुरातल्या बचत खात्यात कशी जाईल? बोट स्क्रीनवर होतं, नाव समोर दिसत होतं, आणि मी पिन टाकला.

फेब्रुवारीत व्हॉट्सअ‍ॅपवर पावती आली, निळा शिक्का मारलेली. खऱ्या पावतीचा नंबर १३ अक्षरांचा असतो, तीन इंग्रजी अक्षरं आणि दहा आकडे. ऑनलाइन अर्ज असेल तर सुरुवात आयओई अशी. आमच्या नंबरात नऊच आकडे होते. वेबसाइटवर टाकला तर चुकीचा नंबर म्हणून येई. विचारलं तर म्हणाला, "सिस्टीमला चढायला नव्वद दिवस लागतात." नव्वद हा आकडा त्यानं बरोबर उचलला होता, फक्त भलत्या ठिकाणी चिकटवला.

सगळ्यात घातक सल्ला मात्र वेगळाच. भाचीचं कार्ड दोन वर्षांचं, अटींचं. कार्ड मिळताना लग्नाला दोन वर्षं झालेली नसतील तर असंच कार्ड मिळतं. ते संपायच्या आधीच्या ९० दिवसांत नवराबायकोच्या दोघांच्या सह्यांनी आय-७५१, म्हणजे या अटी काढायचा अर्ज, भरावा लागतो. सोबत एकत्र संसाराचे पुरावे: जोड खातं, घरभाड्याचा करार, टॅक्स रिटर्न, विमा. नाही भरला तर रहिवासाचा दर्जाच जातो आणि देशाबाहेर काढायची कारवाई सुरू होऊ शकते. तो म्हणाला, "नागरिकत्वाचा अर्ज पडलाय, आता त्याची गरज न्हाई." हे साफ खोटं आहे. ९ मे ला भाचीच्या शेजारणीनं सहज विचारलं म्हणून कळलं. हातात अकरा दिवस होते. वकील गाठला, त्याचे १,५०० डॉलर, सरकारी फी ७५० डॉलर, अर्ज १४ मे ला पोचला. पोचल्याची तारीख धरतात, टाकल्याची नाही. मुदत वाढल्याची नोटीस हातात येईपर्यंत बहिणीच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

वकिलानं आणखी एक विचारलं: कोऱ्या फॉर्मवर सही केली होती का? केली होती. त्या फॉर्मवर मागाहून काहीही खोटं भरलं असतं तरी जबाबदार भाचीच. दुसऱ्यानं फॉर्म भरला तर त्याचं नाव, पत्ता आणि सही फॉर्मातच द्यावी लागते. जो ती द्यायला तयार नाही त्याच्या समोरून उठा. कायदेशीर सल्ला फक्त तिकडचा वकील किंवा मान्यताप्राप्त प्रतिनिधी देऊ शकतो.

आता इथल्या यंत्रणेबद्दल. पोलीस ठाण्यात गेलो तर, "अमेरिकेचं मॅटर आमच्याकडं कशाला आणलंय?" अहो, पैसे घेणारा इथला, देणारा इथला, ऑफिस इथलं, बँक इथली, अमेरिकेचं त्यात काय आहे? दुसऱ्या खेपेला सांगितलं, हा दिवाणी वाद आहे. तिसऱ्या खेपेला, यूपीआय आहे तर ऑनलाइन तक्रार करा. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन केला, पोर्टलवर नोंद केली. तिथून उत्तर की चार महिने झाले, रक्कम थांबवता येत नाही, आणि तुम्ही स्वतःहून दिलेत, ठाण्यात जा. पुन्हा ठाणे. एकानं सांगितलं, परदेशी पाठवणाऱ्या एजंटांची तक्रार केंद्राच्या कार्यालयाकडे करा. ते कार्यालय परदेशी नोकरीसाठी पाठवणाऱ्यांचं आहे, आमचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही, हे मी त्यांना समजावत बसलो. ८५,००० रोखीचं तर कुणी लिहूनच घेईना. "पुरावा काय?" पुरावा म्हणजे त्याचाच मेसेज, 'बाकी कॅश आणा'. तो वाचलासुद्धा नाही. साडेतीन तास बाकावर बसवून तक्रार अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का मिळाला, तोही मी भांडलो म्हणून. चोराला जेवढे प्रश्न विचारत नाहीत तेवढे मला विचारले, आणि प्रत्येक प्रश्नाचा सूर एकच, तुम्ही दिलेतच कशाला?

भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीचं आहे, खोटी पावती बनवल्याचं ३३६. हे अर्जात कलमांसकट लिहा. ठाण्यानं गुन्हा नोंदवला नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३(४) खाली पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज पाठवता येतो, त्यावरही हालचाल नसेल तर न्यायदंडाधिकारी. मी रजिस्टर पोस्टानं पाठवला, पोचपावती जपून ठेवलीय. 'चौकशी चालू आहे' एवढंच उत्तर आहे. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी लागत नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे, ती तक्रार मी दाखल केली आहे.

दोन्ही पासपोर्ट राहतील, असंही एजंट सांगायचा. राहत नाहीत. अमेरिकन नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व जातं, पासपोर्ट जमा करावा लागतो, मग ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड, घेता येतं. ओसीआयवर शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशानं येऊ शकते. करवीर तालुक्यात सातबाऱ्यावर मुलीचं नाव असलेल्यांनी हे आधी समजून घ्या.

सहलीचंही मोजा. तीन वर्षांत निदान १८ महिने तिथं प्रत्यक्ष राहिलेलं लागतं, आणि एका खेपेला सहा महिन्यांच्या वर बाहेर राहिलं तर सलग वास्तव्य तुटलं असं धरलं जातं. बाळंतपणाला, आईच्या आजारपणाला आलेल्या मुलींना एजंट "राहा की निवांत" म्हणतात. तिकिटं आणि पासपोर्टवरचे शिक्के बघून दिवस स्वतः मोजा.

भाचीनं एन-४०० आता स्वतःच ऑनलाइन भरून ठेवलाय, पाठवायचा १९ फेब्रुवारीनंतर. आय-७५१ चा निकाल अजून यायचाय, तो लागल्याशिवाय नागरिकत्व मिळणार नाही.

तीन अक्षरं आणि नऊ आकडे असलेली, निळ्या शिक्क्याची पावती ज्यांच्याकडे असेल त्यांनी ती मेसेजसकट, तारखेसकट जपा, पुसू नका. एका ठाण्यात एकापेक्षा जास्त अर्ज एकाच माणसाविरुद्ध गेले तर त्यांना दिवाणी म्हणून परत पाठवणं जड जाईल. आणि कार्डावरची मुदत संपायची तारीख आजच बघा. अटींचं कार्ड असेल आणि ती नव्वद दिवसांत येत असेल तर एजंटचा फोन येण्याची वाट बघू नका.