जपान व्हिसावर जोडकामाची परवानगी 'काढून देणारं' चिपळूणचं ऑफिस, माझे २ स्टार

नाव टाकत नाही, मालक आत्याच्या सासरकडून ओळखीचे निघाले आणि आम्हाला परत गावी तोंड दाखवायचंय.

मी टोकियोत निशिकासाईला असतो, व्हिसा इंजिनिअरचा. गणपतीला घरी आलो तेव्हा डोक्यात दोन कामं होती, एक म्हणजे तिकडच्याच एका छोट्या कंपनीचं अ‍ॅप फ्रीलान्स करून द्यायचं आणि दुसरं शनिवारी एका हायस्कुलात इंग्रजी शिकवायचं. शिकाकुगाई कात्सुदो क्योका नावाची, म्हणजे व्हिसाबाहेरचं जोडकाम करायची परवानगी लागते इतपत ऐकलेलं, पण जपानी फॉर्म बघितला की माझी झोप उडते, त्यात आतेभाऊ म्हणाला चिपळूणला एक जण दुबई, जपान सगळं करून देतो, म्हणून गौरीविसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी गेलो.

बारा हजार सांगितले, अर्धे तिथल्या तिथे. "साहेब तुम्ही बिनधास्त जावा, इकडनं सबमिट करतो, आठ दिवसांत शिक्का." मी माझं रेसिडेन्स कार्ड टेबलावर ठेवलं तर पुढच्या बाजूची झेरॉक्स काढून परत दिलं, उलटं करून बघितलंसुद्धा नाही. अहो मागेच तर खाली ती चौकट असते ना, परवानगी मिळाली की त्यात नोंद होते, आपण आलो कशासाठी मग!

फॉर्म आला तो आठवड्याला २८ तासवाला. ते स्टुडंट आणि डिपेंडंटवाल्यांचं. वर्क व्हिसावाल्याला त्या त्या कामापुरती वेगळी परवानगी मागायला लागते, कुठे, काय काम, किती तास, किती पैसे सगळं लिहून. आणि गंमत म्हणजे अ‍ॅपचं काम माझ्या व्हिसाच्या कामातच बसतं, जपानमधल्या कंपनीशी करार करून केलं तर ही परवानगी लागतच नाही, फक्त आपल्या कंपनीला जोडकाम चालतं का ते आधी विचारायचं. हायस्कुलात शिकवणं वेगळ्या व्हिसातलं, त्याला लागते. हे ऑफिसवाले भाऊ मला म्हणत होते, वेळ उरला तर हॉटेलात वाढायला पण जावा, चालतं! चालत नाही हो, वर्क व्हिसावर असल्या कामाला ही परवानगी देत नाहीत, आणि तसंच करत राहिलो असतो तर व्हिसा रिन्यू करताना गचांडी बसली असती.

हे सगळं मला कळलं कुठे, तर परत गेल्यावर ऑफिसातल्या एचआरच्या बाईंकडून, फुकटात. त्यांनीच सांगितलं की अर्ज एकतर आपण स्वतः द्यायचा नाहीतर तिकडचा लायसनवाला ग्योसेइशोशी (सरकारी कागदपत्रं करून देणारा) किंवा वकील देतो, म्हणजे चिपळूणहून कोणी सबमिट करूच शकत नाही. सरकारी फी किती? शून्य. शिनागावाच्या इमिग्रेशनला अर्धा दिवस नंबर लावून बसलो, अर्ज दिला, पाचेक आठवड्यांनी काम झालं. दोन आठवडे ते दोन महिने धरून चालायचं म्हणतात, म्हणजे आठ दिवसांची थापच होती. टॅक्सबद्दल पण भाऊ एक अक्षर बोलले नाहीत, मुख्य पगाराबाहेरची कमाई वर्षाला दोन लाख येनच्या वर गेली की रिटर्न आपलं आपण भरायला लागतं.

दोन स्टार तरी कशाला, तर तिथे टायपिंगला बसणाऱ्या मुलीसाठी. लाईट गेलेली, इन्व्हर्टरवर एकच कॉम्प्युटर चालू, तरी तिने मला विचारून विचारून शाळेचे तास, वार, वर्ग, मानधन एका पानावर असं सुटसुटीत मांडून दिलं की मी तोच कागद मित्राकडून जपानीत करून घेतला आणि अर्जाला जोडला. म्हणजे स्कॅनिंग, टायपिंग, फोटो असलं काही असेल तर जावा, तिच्याकडेच द्या. सल्ला विचारू नका.

राहिलेले सहा हजार मी दिले नाहीत. आधीचे सहा मागितले तर म्हणाले, पैसे कशाला, वहिनींचा पासपोर्ट करायचा असेल ना, तो आपण फुकट करू. माझं लग्न झालेलं नाही.