त्र्यंबक रोडचा ‘त्र्यं’ आणि माझे नऊशे स्टिकर : एआयकडून ब्रँडिंग, आठ महिन्यांनंतर

मागच्या महिन्यात डोंगरे वसतिगृहाच्या मैदानावर प्रदर्शन होतं, आमचा स्टॉल होता, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बऱ्यापैकी गर्दी होती आणि एक काका नाचणी सत्त्वाचं पाकीट चष्मा वर करून अगदी नाकाशी धरून वाचत होते. मला वाटलं साखर आहे का बघतायत. तर म्हणाले, "ताई, हा तर्यबक रोड कुठं आला?" मी हसून म्हटलं काका त्र्यंबक रोड हो, सातपूरच्या अलीकडे. "ते मला माहितीये," काका म्हणाले, "पाकिटाला माहीत नाहीये."

घेतलं हातात. खरंच तर्यबक. आणि ते एकच पाकीट नव्हतं, स्टॉलवरची सगळी, घरी खोक्यात होती ती सगळी, आणि अजून न चिकटवलेले स्टिकर वेगळेच. शंभर शीट छापून आणली होती, शीटवर नऊ, म्हणजे नऊशे. छपाई, लॅमिनेशन, हाफ कट (स्टिकर सुटा निघावा म्हणून फक्त वरचा थर कापणं) धरून शीटला अठ्ठावीस रुपये, अठ्ठावीसशे रुपये मोजून दिले होते मी.

म्हणून हे लिहायला बसलेय. आमचं घरगुतीच आहे, थालीपीठ भाजणी, मेतकूट, काळा मसाला आणि नाचणी सत्त्व. ब्रँडचं नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर म्हणाल जाहिरात करतेय. लोगो आणि लेबलं मी एआयच्या टूल्सकडून, म्हणजे शब्दांत सांगितलं की चित्र काढून देतात त्यांच्याकडून, करून घेतली. टूल्सची नावंही देत नाहीये, आठ महिन्यांत तीन वापरून झाली, एकाला पैसे भरले, दोन फुकट, आणि रडगाणं तिघांचंही थोड्याफार फरकाने तेच.

सुरुवात पैशांवरून झाली हे कबूल करते. कॉलेज रोडच्या एका डिझायनरने लोगो आणि चार लेबलांचे पंधरा हजार सांगितले. आमच्या धंद्यात पंधरा हजार म्हणजे किती किलो भाजणी हे मी तिथल्या तिथे मनात मोजलं आणि चहा पिऊन परत आले. भाच्याने मोबाइलवर दोन मिनिटांत चार लोगो काढून दाखवले आणि मला वाटलं झालं आपलं काम. महिन्याला साडेचारशेवालं सबस्क्रिप्शन घेतलं.

पहिले पंधरा दिवस मजा आली, खोटं का बोलू. पण नाशिक हा शब्द लिहिला की द्राक्षं! भाजणीच्या पाकिटावर द्राक्षाचा घड, काळ्या मसाल्यावर द्राक्षाचा घड, एकदा तर मेतकुटाच्या बरणीशेजारी वाइनचा ग्लास. आमच्या सासूबाईंनी (मी त्यांना आईच म्हणते) तो बघितला आणि काही न बोलता आत गेल्या. शेवटी नाशिक शब्द काढूनच टाकला तेव्हा द्राक्षं गेली.

मग म्हटलं जात्यावर दळणारी आजी काढू, नऊवारीतली. नऊवारी त्याला येतच नाही. काष्टा सांगितला तरी पाचवारीच्या निऱ्या पायावर पसरून बसवतो, नथ उजव्या नाकपुडीत घालतो. जात्याची तर कमालच, खुंटा वरच्या तळीच्या बरोबर मधोमध उभा, जिथून दाणे टाकायचे तिथेच. आता दाणे कुठून घालायचे आणि फिरवायचं कसं? मी सतरा वेळा सांगितलं असेल की खुंटा कडेला असतो. अठराव्यांदा खुंटे दोन आले. शेवटी आईंच्या माहेरी अंगणात पडलेल्या जात्याचा फोटो काढून आणला आणि तो अपलोड करून म्हटलं हे असं काढ, तेव्हा कुठे बरोबर आलं. ही टीप घ्या, सांगून वेळ घालवू नका, फोटो द्या.

पण खरी गोष्ट अक्षरांची. चित्र चुकलं तर दिसतं हो, अक्षर चुकलं तर कधी कधी दिसत नाही, हेच तर माझं झालं. मी अख्खं लेबल, म्हणजे नाव, घटक, पत्ता, सगळं एकाच चित्रात त्याच्याकडून करून घेतलं. मोठी अक्षरं मी चारदा तपासली होती. नाचणी सत्त्वावरून आमच्या घरात केवढं रामायण झालं म्हणून सांगू, आई जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवायच्या, सत्त्वाला दोन त हवेत म्हणजे हवेत. टूल एकदा सतव लिहायचं, एकदा सत्व, एकदा स आणि त च्या मधे असं काहीतरी काढलं की ते कुठल्याच भाषेत नसेल. अकराव्या की बाराव्या वेळी सत्त्व बरोबर आलं आणि त्या आनंदात मी खालचा बारीक पत्ता बघितलाच नाही. आईंनीही नाही, त्यांचा चष्मा तेव्हा दुरुस्तीला होता.

भाच्याने नंतर समजावलं ते पटलं. हे टूल आपल्यासारखं अक्षर टाइप करत नाही, अक्षराचं चित्र काढतं, जसं डोंगराचं काढतं तसंच. डोंगराला एक कडा जास्त झाला तर कोणाला कळतंय, पण त्र्यं मधला एक फाटा गेला की संपलं. आणि त्र्यं दिसायला एक अक्षर असलं तरी कॉम्प्युटरच्या हिशोबात त्यात सहा गोष्टी आहेत, त, हलन्त, र, हलन्त, य आणि वर अनुस्वार. फॉन्ट असतो तेव्हा तो या सहांना जोडून नीट एक आकार देतो. चित्र काढणाऱ्याकडे फॉन्टच नाही, तो आठवणीतून रेघोट्या मारतो. इंग्रजीत जोडाक्षरांची भानगड नाही त्यामुळे तिकडचे व्हिडिओ बघून आपल्याला वाटतं किती सोपंय. म्हणजे राहायला त्र्यंबक रोडवर असणं हीच माझी चूक, गंगापूर रोडला असते तर एवढं झालं नसतं.

पत्ता गाळता येत नाही, खाण्याच्या पाकिटावर उत्पादकाचा पत्ता लागतोच. तिथेही या टूलने दिवे लावलेत. फूड लायसन्सचा नंबर मी दिलाच नव्हता तर स्वतःच्या मनाने बारा आकडी नंबर टाकून मोकळं, खरा नंबर चौदा आकडी असतो. शाकाहारी खूण म्हणजे हिरव्या चौकटीत हिरवा ठिपका, तर याने छान हिरवं पान काढलं. बारकोडही काढला, दिसायला अगदी खरा, स्कॅन केलं तर काहीच नाही. ही तिन्ही मी वेळेत पकडली. पकडलं नाही ते फक्त त्र्यं.

आता प्रेसवाल्यांचं. रविवार कारंज्याच्या बाजूला गल्लीत एक जुना प्रेस आहे, तिथले दादा चांगले आहेत पण त्यांनी फाइल बघून पहिल्याच दिवशी तोंड वाकडं केलं होतं. "ताई, ही जेपीजी आहे, सीडीआर आणा." सीडीआर म्हणजे कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरची फाइल. मी म्हटलं ती माझ्याकडे नाही. मग त्यांनी हिशोब सांगितला. चित्र एक हजार चोवीस पिक्सेलचं, छपाईला इंचाला तीनशे लागतात, म्हणजे जेमतेम साडेतीन इंचापर्यंत नीट येणार, तुमचा स्टिकर पाच इंच उंच, फुटणार. आणि फुटलंच, आजीच्या पदराच्या काठाला पायऱ्या पडल्या. रंगाचंही तसंच, स्क्रीनवर नाचणीचा जांभळट तपकिरी इतका सुंदर दिसत होता आणि शीटवर आला तो ओल्या मातीचा. दादा म्हणाले स्क्रीन उजेडाचे रंग दाखवते, आम्ही शाईचे छापतो, चार शायांत तो रंग बसत नाही. हे सगळं त्यांनी आधी सांगितलं होतं, मीच म्हटलं छापा हो, चालतंय. तेव्हा दोष त्यांना देणार नाही. फक्त पत्ता त्यांनीही वाचला नाही एवढंच. त्यांचं म्हणणं, आम्ही चित्र छापतो, वाचत नाही. बरं.

काकांनी तर्यबक दाखवला त्या दिवशी रात्री हे रिव्ह्यू लिहिलं असतं तर पाचात एक दिला असता. टाइपसुद्धा केलं होतं, यांनी सांगितलं उद्या टाक, आज रागात आहेस. ते उद्याउद्या करत राहिलं, बरंच झालं, कारण पुढे थोडं बदललं.

झालं असं की सीडीआर हवीच होती म्हणून एका ओळखीच्या पोराला गाठलं, तो डिझायनिंगचा कोर्स करतोय. त्याने अडीच हजारात त्या एआयच्या आजीवरून रेघन् रेघ परत काढून व्हेक्टर, म्हणजे ठिपक्यांऐवजी रेषांचं चित्र, करून दिलं, आता ती स्टिकरवर छापा नाहीतर दहा फुटी फ्लेक्सवर, फुटत नाही. आणि अक्षरं त्याने सगळी फॉन्टमध्ये टाकली. त्यानेच मला टीरो देवनागरी मराठी दाखवला. हा गुगल फॉन्टवर फुकट आहे, धंद्याला वापरला तरी पैसे नाहीत, आणि नावाप्रमाणे खास मराठी वळणाचा आहे, याच घराण्यात हिंदीचा आणि संस्कृतचा वेगळा आहे. मी म्हटलं देवनागरी ती देवनागरी, वेगळा कशाला? तर त्याने नाशिकचा श आणि थालीपीठचा ल शेजारी शेजारी ठेवून दाखवले. आपला श देठाचा, आपला ल पाकळीचा, हिंदी वळणाचे वेगळे. सरकारनेही २०२२ मध्ये जीआर काढून हेच वापरा म्हणून सांगितलंय म्हणे. आईंना दाखवलं तर त्यांनी आधी आठ महिन्यांचे सगळे नमुने मागवले आणि एकेका पाकिटावरचा श बघून "हिंदी, हिंदी, हिंदी" करत बाजूला ठेवले. तेव्हापासून मला बसस्टॉपवर, दुकानांच्या पाट्यांवर, लग्नाच्या पत्रिकेवर सगळीकडे श दिसतोय. परवा शालिमारला रिक्षातून उतरले आणि पाट्याच वाचत उभी राहिले, मागून रिक्षावाला सुट्टे मागतोय.

फॉन्टमध्ये त्र्यं टाइप केला आणि तो आपला गुपचूप नीट आला. डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं.

एक गोची तिथेही झाली, सांगून ठेवते. प्रेसमध्ये जुनं सॉफ्टवेअर आणि जुने फॉन्ट, आपला मजकूर तिकडे पेस्ट केला की खिचडी होते. तेव्हा फाइल देताना अक्षरांचे कर्व्ह करून द्यायचे, मग ती अक्षरं आकार म्हणून जातात आणि कोणी बिघडवू शकत नाही. आणि त्याआधी मजकूर मोठ्याने वाचायचा, बारीक अक्षरांपासून सुरुवात करून.

हे वरचं लिहून तीन आठवडे झाले, टाकायचं राहिलंच. मधे त्या पैसेवाल्या टूलचं नवीन व्हर्जन आलं आणि मी सहज, अगदी खुन्नस म्हणून, त्र्यंबक रोड, नाशिक लिहायला सांगितलं. पहिल्या फटक्यात बरोबर! त्र्यं सकट! परत केलं, परत बरोबर. पाचात चार वेळा बरोबर आलं, पाचव्यांदा अनुस्वार उडाला. सत्त्वही येतंय. म्हणजे माझे अर्धे शब्द मागे घ्यावे लागतील, घेते. श मात्र अजून हिंदी आहे. आई म्हणाल्या पाचात चार म्हणजे दर पाच पाकिटांत एक चूक, शाळेत मी याला पास केलं नसतं. मीही आता छपाईच्या कुठल्याही कामात त्याला अक्षरं लिहू देत नाही, कितीही सुधारलं तरी.

चित्रांसाठी मात्र सबस्क्रिप्शन चालू ठेवलंय. रंग निवडायला त्याचा फार उपयोग झाला, कढईतल्या भाजलेल्या नाचणीचा फोटो दिला आणि त्यातून रंग काढून मागितले, ते पाच रंग आज सगळ्या पाकिटांवर आहेत, फक्त आधी एक शीट छापून बघितली. ओट्यावर काढलेल्या फोटोची पार्श्वभूमी बदलून देतो तेही झकास, आमचा ओटा कोणाला दाखवण्यासारखा नाहीये. पण झूम करून बघा, एकदा मागचा ओटा बदलता बदलता पाकिटावरची भाजणी भाजनी करून ठेवली होती, तेच मी दोन दिवस स्टेटसला ठेवलं होतं.

ट्रेडमार्कचं विचारायला एकाकडे गेले होते, तो म्हणाला आधी नाव रजिस्टर करा, वैयक्तिक अर्जाला ऑनलाइन साडेचार हजार, पीठ-मसाल्याला क्लास तीस (ट्रेडमार्कमधला मालाचा वर्ग), चित्राचं नंतर बघू. ते दिवाळीनंतर. कुंभाला २०२७ मध्ये गर्दी होणार, त्याच्या आत झालं पाहिजे.

पैशांचा हिशोब यांनी काढला. आठ महिन्यांचं सबस्क्रिप्शन छत्तीसशे, वाया गेलेला लॉट अठ्ठावीसशे, पोराचे अडीच हजार, एकूण आठ हजार नऊशे. नव्या लॉटचे धरायचे नाहीत कारण ते डिझायनरकडे गेलो असतो तरी लागलेच असते. म्हणजे सहा हजार शंभर वाचले. रात्री जागून काढलेले चार-पाचशे खुंटे कोणी धरत नाही यात. तरी पाचात साडेतीन देते, अर्धा श साठी कापलाय.

तर्यबकवाले साडेसहाशे स्टिकर अजून घरात आहेत. फेकवत नाहीत, लॅमिनेशन चांगलंय. घरातल्या सगळ्या डब्यांना तेच लावलेत. हळदीवर नाचणी सत्त्व, पोह्यांवर नाचणी सत्त्व, आणि आईंनी प्रत्येकावर लाल पेनाने त्र्यं दुरुस्त करून ठेवलाय.