लाकडी बाजू की लाकडी मूठ? हाताने करायच्या चामडी पिशवीचे दोन आराखडे

लाकूड आणि चामडे एकत्र आणून पिशवी करण्याचे ज्याने मनावर घेतले आहे, तो सहसा पहिला प्रश्न विचारतो तो लाकूड कोणते आणि चामडे कोणते घ्यावे हा. माझ्या मते हा प्रश्न दुसरा आहे. लाकूड पिशवीत नेमके कोठे बसणार, हे आधी ठरले की बाकीचे बहुतेक निर्णय त्यामागून येतात. घरी जमण्याजोगे आराखडे मुख्यतः दोन आहेत. पहिल्यात डावी-उजवी बाजू लाकडी फळ्यांची असते आणि चामड्याचा एकच लांब पट्टा पुढच्या अंगावरून तळाखालून मागे जातो व वरून येऊन त्याचेच झाकण होते. दुसऱ्यात पिशवी सर्वस्वी चामड्याची असून लाकूड केवळ मुठीपुरते येते.

वजनाचा फरक मोठा आहे. 25 सें.मी. उंच, 12 सें.मी. रुंद आणि 9 मि.मी. जाड अशा सागाच्या दोन फळ्या साधारण 350 ग्रॅम भरतात. शिसमाच्या 400 च्या पुढे जातात, तर शिवण या झाडाच्या लाकडाच्या 260 च्या आसपास राहतात. त्यात 2 मि.मी. जाडीच्या चामड्याचे अर्धा किलो मिळवले, की रिकामी पिशवीच पाऊण किलोपलीकडे जाते. म्हणून लाकडी बाजूंसाठी मी शिसम सुचवणार नाही. हलकी आणि ऋतुमानाने फारशी न फुगणारी शिवण मिळाली तर उत्तम, नाहीतर जुन्या खिडकी-दाराचा मुरलेला साग घ्यावा. मुठीचे गणित याच्या उलट आहे. वीतभर दांडा शिसमाचा घेतला तरी 50 ग्रॅमच्या आसपासच भरतो, आणि जे लाकूड रोज हाताच्या घामाला लागणार ते घट्ट पोताचे व गुळगुळीत होणारे असणेच बरे.

चामड्याचेही तसेच आहे. दोन फळ्यांमध्ये ताणलेले चामडे लोंबू नये आणि तळाच्या गोल कोपऱ्यांवर त्याने वळण धरून ठेवावे, यासाठी वनस्पतिजन्य द्रव्यांनी कमावलेले चामडे लागते; ते ओलसर करून कोपऱ्यावर बसवले की वाळताना तोच आकार घेते. कोल्हापुरी चपलेसाठी बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात ते याच जातीचे, मात्र तळव्यासाठीचे जाड चामडे इथे वळणार नाही. महाराष्ट्रात 2015 पासून गाईबरोबर बैल आणि वळूंच्या कत्तलीसही बंदी असल्यामुळे स्थानिक चामडे बहुधा म्हशीचे मिळते. त्याचा पोत जरा भरड असतो, पण या कामाला तो शोभतो. संपूर्ण चामडी पिशवीला क्रोमने, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी, कमावलेले मऊ चामडेही चालते. ते पाण्याच्या शिंतोड्यांना अधिक दाद देत नाही आणि पावसाळ्यात कपाटात ठेवले तरी त्यावर बुरशी कमी धरते.

खरी परीक्षा जोडणीत होते, आणि तिथेच पहिला आराखडा नवशिक्याला दमवतो. फळीचे तंतू उभे ठेवले, तर दोन्ही उभ्या कडांवर स्क्रू घट्ट बसतात. तळाच्या कडेवर मात्र तंतूंची कापलेली टोके येतात आणि तिथला स्क्रू पिशवीच्या ओझ्याने हळूहळू उपसून येतो. यावर उपाय असा, की तळाच्या कडेपासून सेंटिमीटरभर वर, फळीच्या एका अंगातून दुसऱ्या अंगापर्यंत 5 मि.मी. जाडीच्या लाकडी खुंट्या ठोकाव्यात आणि खालून येणारा प्रत्येक स्क्रू त्या खुंटीत आडवा घुसेल असे पाहावे. बाहेरून त्या खुंट्यांचे लहान ठिपके दिसतात. मला ते आवडतात.

स्क्रू पितळेचेच हवेत. माझ्या पहिल्या पिशवीला मी घरात होत्या त्या लोखंडी चुका, म्हणजे बारीक खिळे, मारल्या आणि पहिल्याच पावसाळ्यात प्रत्येक चुकेभोवती शाईसारखे काळे वर्तुळ उमटले, कारण सालीतून चामड्यात उतरलेले टॅनिन हे तुरट द्रव्य ओलाव्यात लोखंडाशी संयोग पावून काळे पडते. पितळ मऊ असल्यामुळे आधी बारीक भोक पाडून, त्यात त्याच मापाचा लोखंडी स्क्रू एकदा फिरवून काढावा आणि मग पितळी बसवावा. नाहीतर त्याचे डोके पिळून तुटते आणि उरलेला तुकडा फळीतच राहतो. कडांना फेविकॉल लावण्याचा मोह मी टाळतो. नुसत्या स्क्रूंवर बसवलेले चामडे पुढे झिजले तर उलगडून बदलता येते आणि लाकडाला जवसाचे तेल आधीच निर्धास्तपणे देता येते. बसवल्यानंतर दिलेले तेल चामड्यावर डाग पाडते.

दुसऱ्या आराखड्यात सुतारकाम थोडे आणि शिलाई पुष्कळ आहे. आरीने, म्हणजे चर्मकाराच्या टोच्याने, समान अंतरावर भोके पाडून, मेण लावलेल्या एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया ओवून दोन्हीकडून घातलेली शिवण एखादा टाका तुटला तरी सहसा उसवत जात नाही, आणि उसवलीच तर कोपऱ्यावरचे चर्मकार दादाही ती नीट करून देतात.

ज्याच्या घरी रंधा, करवत आणि ड्रिल आहे व ज्याला पिशवी टेबलापासून गाडीपर्यंतच न्यायची आहे, त्याने लाकडी बाजूंची खुशाल करावी. दिसायला तिच्या तोडीची दुसरी नाही. मुंबईच्या लोकलमध्ये मात्र तिचे कोपरे शेजारच्याच्या बरगडीत शिरतात, तेव्हा रोजच्या प्रवासासाठी लाकडी मुठीचीच करावी. तिच्यात एकच काळजी घ्यायची: फळीतून अर्धगोल कापलेली मूठ जिथे तंतू आडवे येतात तिथे हमखास मोडते. त्यामुळे कातारीकडून, म्हणजे लाकूड कातणाऱ्या कारागिराकडून, लांबीला समांतर तंतूंचा सरळ दांडा करून घ्यावा आणि त्याच्या दोन्ही टोकांना चामड्याचे दुहेरी पट्टे गुंडाळून पितळी रिव्हेट मारावेत.